कसा होता पिक्चर?



"पिक्चर कसो होतो?" असे कोणी विचारले की आपली उत्तरे ठरलेली असतात. "बरो होतो." "टाईमपास." "काय्येक नाय त्यात." तीन तासांच्या चित्रपटाचा निकाल दोन-तीन शब्दांत लागतो आणि गप्पा पुन्हा मासळीच्या भावाकडे वळतात. त्यात कोणाचे काही बिघडत नाही, असे आपल्याला वाटते. चित्रपट बनवणारे मुंबईत किंवा त्याहूनही दूर असतात. आपले मत त्यांच्या कानावर जाणार नसते. मग अशा मताचा विचार तरी कशाला करायचा?

आम्हाला वाटते, करायला हवा. आपण कशाला हसलो, कशाला घाबरलो, कोणासाठी रडलो आणि कोणाला मार बसल्यावर खूश झालो, हे सगळे त्या दोन-तीन शब्दांत लपलेले असते. चित्रपटाविषयी बोलताना आपण नकळत स्वतःविषयीही बोलत असतो.

आम्ही चित्रपटांचे जाणकार नाही. कॅमेरा कुठे ठेवला, संकलन कसे झाले, हे आम्हाला सांगता येणार नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे तसेच असेल. कामावरून आल्यावर टीव्हीसमोर, एसटीत मोबाईलवर, कधीतरी कुटुंबासह थिएटरात, असे आपले बघणे असते. म्हणून आपल्याला मत देण्याचा अधिकार नाही, असे मात्र नाही. जेवण कसे झाले हे सांगायला आचारी असावे लागत नाही. पण "आमटीत मीठ कमी आहे" असे म्हणणे वेगळे आणि "मला आज भूक नव्हती" असे म्हणणे वेगळे. पहिले आमटीविषयी आहे, दुसरे आपल्याविषयी. "आवडला" आणि "चांगला आहे" ह्या दोन गोष्टींतही असाच फरक आहे. एखादा चांगला चित्रपट आपल्याला आवडणार नाही, एखादा सुमार चित्रपट मनापासून आवडेल. त्यात गैर काही नाही. फक्त दोन्ही गोष्टी एकच आहेत असे धरून चालू नये.

चित्रपटाकडे कसे बघावे, हा प्रश्न ख्रिस्तसभेलाही पडला होता. पोप अकरावे पायस ह्यांनी १९३६ साली चित्रपटांविषयी परिपत्रक काढले. त्यात काळजीचा सूर मोठा होता. तरुणांच्या मनावर वाईट चित्रपटांचा परिणाम होईल, ही चिंता त्यात होती आणि ती खोटी नव्हती. १९५७ साली पोप बारावे पायस ह्यांनी चित्रपट, रेडिओ आणि टेलिव्हिजन ह्या तिन्हींवर परिपत्रक काढले आणि ह्या साधनांना देवाच्या देणग्यांमध्ये जागा दिली. पुढे १९९५ साली चित्रपटकलेला शंभर वर्षे झाली तेव्हा व्हॅटिकनने पंचेचाळीस चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग होते. त्या यादीत अॅटनबरोंचा 'गांधी' आहे आणि चार्ली चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' आहे. चोरीला गेलेली सायकल शोधत फिरणाऱ्या गरीब बापलेकाची 'बायसिकल थीव्हज' ही इटालियन गोष्ट आहे. 'नोस्फेरातू' हा रक्तपिपासू भुताचा मूकपटसुद्धा आहे! धर्माच्या भागात संत मत्तयच्या शुभवर्तमानावरचा १९६४ सालचा इटालियन चित्रपट आहे. त्याचा दिग्दर्शक पाझोलिनी हा मार्क्सवादी होता आणि स्वतःला नास्तिक म्हणवत असे. म्हणजे यादी करणाऱ्यांनी चित्रपटाचा प्रकार पाहून किंवा बनवणाऱ्याच्या नावावर लावलेली चिठ्ठी पाहून निकाल दिला नाही. त्यांनी आधी चित्रपट पाहिला.

आपण पुष्कळदा उलटे करतो. "भुताचा आहे? मग नको." "मराठी आहे? रडका असेल." "मारामारी आहे? मग मस्त." बांगड्याला सुरमईची चव नाही म्हणून आपल्या किनाऱ्यावर कोणी बांगडा टाकून देत नाही. बांगडा बांगड्यासारखा चांगला आहे का, ताजा आहे का, एवढेच बघतो. चित्रपटालाही त्याच्या जातीचे माप लावावे. विनोदी चित्रपटाने हसवावे, भयपटाने घाबरवावे. हे झाले पहिले माप. पण प्रत्येक प्रकार आपल्याला एक प्रश्नही विचारतो आणि तो प्रश्न प्रत्येक प्रकाराचा वेगळा असतो. त्यातले काही प्रश्न आज आपण पाहू.

रडवणाऱ्या चित्रपटापासून सुरुवात करू. २००४ साली आलेला 'श्वास' आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. संदीप सावंत ह्यांच्या ह्या चित्रपटाचे काही चित्रीकरण आपल्याच सिंधुदुर्गात झाले. 'श्यामची आई'नंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मराठीकडे आले ते ह्याच चित्रपटामुळे. कोकणातला एक आजोबा आपल्या नातवाला, परशाला, डोळे दाखवायला शहरात नेतो. डोळ्यांचा कर्करोग निघतो. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेआधी आजोबा नातवाला इस्पितळातून बाहेर घेऊन जातो आणि जेवढे दाखवता येईल तेवढे जग दाखवतो. थिएटरात रुमाल बाहेर निघाले. "रडवले रे" असे म्हणत लोक घरी गेले.

रडणे चांगलेच आहे. दुसऱ्याच्या दुःखाने डोळे भरून येणे ही माणूसपणाची खूण आहे. पण रडका चित्रपट आपल्याला एक प्रश्न विचारतो: तुमचे अश्रू थिएटरच्या दारापर्यंतच का? परशाचा आजोबा पडद्यावर होता. तसाच आजोबा आपल्याही गावात असतो. तो नातवाचे रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून पहाटेच्या गाडीने कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला जायला निघतो. कोणत्या खिडकीशी उभे राहायचे ते त्याला ठाऊक नसते. त्याच्यासोबत जायला कोणी आहे का, एवढे विचारले तरी आपण 'श्वास' नीट पाहिला असे म्हणता येईल.

आता विनोदी चित्रपट. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ साली आला आणि अजूनही घराघरांत तोंडपाठ आहे. त्यात सगळे खोटे बोलतात, पुरुष बायकांचे कपडे घालून घरमालकिणीला फसवतात. म्हणून हा चित्रपट वाईट म्हणावा का? तसे म्हणणे फार कोरडेपणाचे होईल. खोटे बोलणे चांगले, असे शिकून त्या चित्रपटातून कोणी बाहेर पडत नाही. उलट डोक्यावर छप्पर नसलेल्या तरुणांची धडपड त्यात आहे, म्हणून आपण त्यांच्या बाजूने हसतो. २०१३ सालच्या 'नारबाची वाडी'तही तसेच. म्हाताऱ्या नारोबाची वाडी मिळावी म्हणून खोत त्याच्या मरणाची वाट बघत बसतो आणि नारोबा काही मरत नाही. आपण हसतो ते म्हाताऱ्याला नाही, तर त्याच्या मरणाची वाट बघणाऱ्या लोभाला. ज्या जिल्ह्यात रोज कुठे ना कुठे जमिनीचा सौदा होतो तिथे हे हसणे पुष्कळ काही सांगून जाते.

विनोदी चित्रपट आपल्याला विचारतो: तुम्ही कोणाच्या बाजूने हसलात आणि कोणाला हसलात?

हा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे. पडद्यावरचा ख्रिस्ती माणूस कसा असतो ते आठवून पाहा. हातात बाटली, डोक्यावर हॅट, तोंडात मोडकी हिंदी. १९७५ सालच्या 'ज्युली'त नायिकेचा बाप इंजिन ड्रायव्हर आहे आणि दारूच्या आहारी गेलेला आहे. १९७३ सालच्या 'बॉबी'तला जॅक ब्रागांझा मासेमार आहे. तो दिलदार आहे, पण बाटली त्याच्याही हातची सुटत नाही. हे चित्रपट वाईट होते असे आमचे म्हणणे नाही. त्यांतली माणसे प्रेमळही आहेत. पण तेच ते चित्र वर्षानुवर्षे दिसत राहिले की ज्याने कधी ख्रिस्ती शेजारी पाहिला नाही त्याला तेच खरे वाटू लागते. मग शाळेत, कचेरीत कोणीतरी हसत विचारतो, "काय रे, तुमच्यात तर रोज चालते ना?" तेव्हा आपल्याला काय वाटते ते सांगायला नको.

१९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'तला अँथनी गोन्साल्विस तर सगळ्या देशाचा लाडका झाला. पण त्या नावाचा एक खरा माणूस होता. गोव्यातल्या माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक होते आणि हिंदी चित्रपटांसाठी संगीत-संयोजन करीत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल ह्या जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि गुरूचे नाव ह्या चित्रपटाच्या गाण्यात आले. २०१२ साली ते वारले. अंड्यातून बाहेर येऊन नाचणारा अँथनी सगळ्यांना ठाऊक आहे. रात्र रात्र बसून सुरावटी लिहिणारा अँथनी किती जणांना ठाऊक आहे? त्याच्यासारखे कितीतरी गोवेकर ख्रिस्ती वादक त्या काळी हिंदी गाण्यांच्या मागे उभे होते. पडद्यावर मात्र आपल्या वाट्याला बहुधा बाटली आली.

आपल्या मालवणीचेही तेच. मुंबईत घरकामाला गेलेला कोकणातला रामा गडी हा नाटक-सिनेमात बराच काळ हसण्याचा विषय होता. त्याची बोली ऐकली की हशा. पुढे गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' आले आणि मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. हशा तेव्हाही झाला, पोट धरधरून झाला. पण तो आपल्या माणसांनी, आपल्या बोलीत, आपल्यावर प्रेम ठेवून केलेला हशा होता. त्या नाटकाने मालवणी माणसाची मान वर झाली. म्हणजे हसणे वाईट नाही. हसणारा कुठे उभा राहून हसतो, ह्यावर सगळे अवलंबून आहे.

आता खरा अवघड भाग. आपल्यावर हसले की आपल्याला लागते. पण पडद्यावर दुसऱ्या कोणाची टर उडवली जाते तेव्हा आपण कोणते माप लावतो? तोतरा माणूस, जाडी बाई, काळी मुलगी, बिहारचा भैया, नाजूक चालणारा पुरुष, खालच्या मानलेल्या जातीचा गडी, ह्यांच्यावरचे विनोद आपल्याला "टाईमपास" वाटतात का? वाटत असतील तर आपली तक्रार अन्यायाविरुद्ध नाही. अन्याय आपल्या वाट्याला आला, एवढीच ती तक्रार आहे.

नागराज मंजुळे ह्यांचा 'फँड्री' २०१४ साली प्रदर्शित झाला. त्याच्या शेवटी जब्या ह्या कैकाडी मुलाला घरच्यांबरोबर डुकराच्या मागे धावावे लागते. शाळेतली मुले आणि गाव कुंपणाशी उभे राहून हसतात, त्याला डिवचतात. शेवटी जब्या दगड उचलतो आणि भिरकावतो. तो दगड सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे बघणाऱ्याकडे येतो. हा चित्रपट पाहून काही जण म्हणाले, "शेवट कळला नाही." कळायला कठीण काही नव्हते. कुंपणाशी उभ्या असलेल्या गर्दीत आपणही आहोत का, एवढेच तो विचारत होता.

भयपटांचा प्रश्न वेगळा आहे. आपले कोकण हे भुतांचे माहेरघर, असे बाहेरच्यांना वाटते आणि आपणही रात्रीच्या गप्पांत त्याला हातभार लावतो. २०१६ साली आकेरीतल्या वाड्यात चित्रित झालेली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका घरोघरी गाजली. कोकणाची बदनामी होते म्हणून तिला आपल्याकडे विरोधही झाला. 'नारबाची वाडी' करणाऱ्या आदित्य सरपोतदार ह्यांनीच २०२४ साली 'मुंज्या' हा भुताचा हिंदी चित्रपट केला आणि तो देशभर चालला. एकच दिग्दर्शक, पार्श्वभूमी पुन्हा कोकणाचीच, एकदा हसवतो आणि एकदा घाबरवतो. चार जण मिळून घाबरण्यात मजा असते आणि ती मजा घ्यायला हरकत नाही.

पण भयपट विचारतो: दिवे लागल्यावर तुम्ही कोणाला घाबरता? पडद्यावरचे भूत चित्रपटाबरोबर संपते. वाडीच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी मात्र तिथेच असते. तिच्याविषयी कुजबुज होते, तिने काहीतरी केले म्हणून अमक्याचे पोर आजारी पडले, असे बोलले जाते. अशा संशयातून माणसांचे हाल होतात, म्हणूनच महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. भुताचा चित्रपट पाहून घाबरलेले मूल आईच्या कुशीत शिरते आणि सकाळी विसरते. मोठ्यांनी आपली भीती एखाद्या जिवंत माणसाच्या दारात नेऊन ठेवली तर ती विसरली जात नाही.

मारामारीच्या चित्रपटांविषयी थोडक्यात. २०२५ सालच्या 'दशावतार'मध्ये दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेला म्हातारा कलावंत आपल्या मातीतला आहे. दशावतारातली रूपे घेऊन तो अन्यायाशी लढायला उभा राहतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या डोंगरांवर घाव घालणाऱ्यांविरुद्ध कोणीतरी उभे राहिले, ह्याचे समाधान त्या टाळ्यांत होते आणि ते समजण्यासारखे आहे. तरीही मारामारीचा प्रत्येक चित्रपट विचारतो: तुम्हाला न्याय हवा होता की कोणालातरी पडताना बघायचे होते? पडद्यावर दुष्ट कोण हे पहिल्या अर्ध्या तासात ठरते. गावातल्या बांधाच्या भांडणात ते इतके सोपे नसते.

इथे कोणीतरी म्हणेल, "फादर रविवारी प्रवचन देतातच. आता पिक्चर बघतानाही प्रवचन?" ही तक्रार आम्हाला मान्य आहे. रात्रभर समुद्रावर जाळी ओढून आलेला माणूस, दिवसभर काजूच्या कारखान्यात उभी असलेली बाई ह्यांना दोन तास डोके बाजूला ठेवायचे असते. विश्रांती ही गरज आहे. हलका चित्रपट बघणे हा गुन्हा नाही आणि प्रत्येक चित्रपटातून बोध घेतलाच पाहिजे असेही नाही. चित्रपट चालू असताना हसा, रडा, शिट्टी वाजवा. प्रश्न नंतरचा आहे. जेवताना कोणी पथ्याचा विचार करत नाही, पण कोणत्या जेवणाने त्रास झाला हे दुसऱ्या दिवशी लक्षात ठेवतोच की नाही?

आणि चांगले बघणारा एक माणूस किती मोठे काम करू शकतो, ह्याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. १९१० च्या आसपास मुंबईत गिरगावात येशूच्या जीवनावरचा एक परदेशी मूकपट लागला होता. तो पाहायला आलेल्यांत दादासाहेब फाळके होते. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या माणसांच्या गोष्टी अशा कधी दिसतील, असे त्यांना वाटले. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. परक्या धर्माची, परक्या देशाची गोष्ट होती, पण फाळक्यांनी "ते त्यांचे" म्हणून तोंड फिरवले नाही. दुसऱ्याच्या गोष्टीत त्यांना आपली माणसे दिसली. पुढे १९७८ सालच्या तेलुगू चित्रपटाचे 'दयासागर' हे हिंदी रूप गावोगावी पडदा लावून दाखवले गेले आणि ते बघायला सर्व धर्मांचे लोक बसले. त्यांनीही तेच केले. मग आपण दुसऱ्यांच्या गोष्टी बघताना इतके कंजूष का असावे?

म्हणून एक साधी सूचना. हल्ली घरात चार माणसे चार मोबाईलवर चार चित्रपट बघतात आणि कोणीच कोणाला काही विचारत नाही. महिन्यातून एकदा तरी सगळ्यांनी मिळून एकच चित्रपट बघावा. निवड एकदा मुलांची, एकदा आजीची. संपल्यावर "बोअर" किंवा "मस्त" म्हणून लगेच उठू नये. तीन गोष्टी एकमेकांना विचाराव्यात: आपण कोणाला हसलो? कोणाला घाबरलो? आणि ह्या गोष्टीत असा कोण होता, ज्याला कोणी बोलूच दिले नाही? उत्तरे वेगवेगळी येतील, वादही होईल. होऊ द्यावा. मुलगा म्हणेल, "तो व्हिलन बरोबरच होता," आणि आजी म्हणेल, "त्या घरच्या मोलकरणीचं पुढे काय झालं ते दाखवलंच नाही." आजीचे बोलणे सगळ्यांनी थांबून ऐकावे. कारण जिच्याकडे कॅमेऱ्याचेही लक्ष गेले नाही, तिच्याकडे आजीचे लक्ष गेलेले असते.